हेलिके नगरीचा शोध आणि भूगर्भवेधी यंत्रें

मागील पावसाळ्यांत एका तरुण अभ्यासकानें मला प्रश्न केला, "गुरुजी, जमीन न खणतां तिच्या पोटांत काय आहे तें सांगणारीं यंत्रें आतां निघालीं आहेत. मग जुन्या ग्रंथांतील स्थलनिर्देशांचा कीस काढीत बसण्याचें प्रयोजन काय राहिलें?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, आणि मजजवळ तत्काळ उत्तरहि नव्हतें. माझें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. या यंत्रांचा परिचय झाला तो अलीकडच्या वाचनानें. म्हणून एक उदाहरण आरंभापासून तपासून पाहावें असें ठरविलें. ग्रीस देशांतील हेलिके नगरीचें तें उदाहरण येथें वाचकांपुढें ठेवीत आहें.

पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या उत्तर भागांत, कॉरिंथच्या आखाताच्या दक्षिण तीरास, अकेइया नांवाचा प्रांत आहे. तेथील बारा नगरांच्या संघांत हेलिके प्रमुख गणली जात असे. इलियड काव्यांतील नौकांच्या यादींत तिचें नांव आलेलें आहे; आणि समुद्राचा व भूकंपाचा देव जो पोसायडॉन, त्याचें तेथील देवस्थान ग्रीक लोकांत फार मान्यता पावलेलें होतें. इ. स. पूर्व ३७३ च्या हिवाळ्यांत एका रात्रीं भूकंप झाला, पाठोपाठ समुद्राची लाट आली, आणि नगरी नाहींशी झाली. ज्या देवाची ती नगरी, त्याच्याच कोपानें ती गेली असा पुढें लोकांचा समज झाला.

या प्रसंगाचे साक्षीदार ग्रंथांत अनेक आहेत. स्ट्रॅबोनें हेराक्लाइडीज याच्या आधारें असें लिहिलें आहे कीं, नगर समुद्रापासून बारा स्टेडियन, म्हणजे सुमारें सव्वादोन किलोमीटर आंत होतें, तरी मधल्या प्रदेशासह तें बुडालें. आणि अकेइयन संघानें धाडलेल्या दोन हजार माणसांस प्रेतेंहि बाहेर काढतां आलीं नाहींत. किनाऱ्याशीं नांगरलेलीं स्पार्टाचीं दहा गलबतें त्याच रात्रीं गेलीं, असें ईलियन सांगतो. सुमारें दीडशें वर्षांनीं एरॅटॉस्थेनीस त्या ठिकाणीं गेला. तेथील तरीवाल्यांनीं त्यास सांगितलें कीं, पोसायडॉनची ब्राँझची मूर्ति 'पोरोस'मध्यें अद्याप उभी आहे, तिच्या हातांत समुद्राश्व आहे, आणि जाळीं टाकणाऱ्यांस तिच्यापासून धोका असतो. इ. स. च्या दुसऱ्या शतकांतील प्रवासी पॉसेनिअस यानें तर एगिओन नगरापासून चाळीस स्टेडियन हें अंतरहि नोंदलें आहे, आणि बुडालेल्या भिंती दिसतात, परंतु खाऱ्या पाण्यानें झिजल्यामुळें पूर्वीइतक्या स्पष्ट दिसत नाहींत, असें म्हटलें आहे.

इतके साक्षीदार असतां नगरी सांपडूं नये हें नवल. परंतु तसें झालें खरें. स्पिरिडॉन मारिनातोस या प्रख्यात पुरातत्त्वज्ञांनीं १९६० सालीं या बुडालेल्या नगराकडे विद्वानांचें लक्ष वेधलें, आणि त्यानंतर समुद्राचा तळ ध्वनिलहरींच्या यंत्रांनीं तपासण्याचे प्रयत्न झाले. १९८८ सालीं डोरा कात्सोनोपूलू या ग्रीक विदुषी व स्टीव्हन सोटर हे अमेरिकन शास्त्रज्ञ यांनीं नवा उपक्रम आरंभिला, तोहि प्रथम समुद्रांतच. यंत्रानें समुद्रतळाचें चित्र उत्तम काढलें. त्यांत नगर मात्र नव्हतें. यंत्राचा यांत दोष कोणता? जेथें पाहावयास सांगितलें तेथें त्यानें पाहिलें.

घोटाळा होता तो एका शब्दाचा. एरॅटॉस्थेनीसच्या वृत्तांतांतील 'पोरोस' हा शब्द आपल्या 'पार' शब्दाचा सगोत्र असून, जेथून पलीकडे जातां येतें अशी वाट किंवा अरुंद जलमार्ग, असा त्याचा अर्थ. बॉस्फरस या नांवाच्या उत्तरार्धांत हाच शब्द आहे. विद्वानांनीं येथें त्याचा अर्थ कॉरिंथचें आखात असा घेतला होता. आमच्या शास्त्रकारांचें 'सैंधव' शब्दाचें उदाहरण प्रसिद्धच आहे: जेवणाच्या पाटावर बसलेल्यानें सैंधव मागितलें तर मीठ द्यावें, प्रवासास निघालेल्यानें मागितलें तर घोडा आणावा. प्रकरण पाहिल्यावांचून अर्थ ठरत नाहीं. येथें प्रकरण काय आहे? आखाताची खोली कोठें कोठें ८०० मीटरांहून अधिक आहे. तेथील उभी मूर्ति जाळ्यांस कशी अडणार? शिवाय नगर जर किनाऱ्यापासून बारा स्टेडियन आंत होतें, तर त्यावर पसरलेलें पाणी आखाताचेंच असावें असें कोठें आहे? कात्सोनोपूलू यांनीं असा अर्थ लाविला कीं, भूकंपानें जमीन खचली, तींत पाणी भरून किनाऱ्याच्या आंतल्या बाजूस एक उथळ खारें सरोवर झालें, आणि तरीवाले होते ते या सरोवरांतले. कोंकणांतील खाजणें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस असें उथळ मचूळ पाणी डोळ्यांपुढें आणणें कठीण जाणार नाहीं. पुढें सेलिनूस, केरिनितेस इत्यादि नद्यांच्या गाळानें तें सरोवर भरून गेलें. हें खरें असेल तर नगरी समुद्राखालीं नसून बागाइतांच्या जमिनीखालीं असली पाहिजे. शोध पाण्यांतून जमिनीवर आला तो असा.

आतां यंत्रांविषयीं. त्यांपैकीं चुंबकत्वमापक यंत्राचें तत्त्व थोडें विस्तारानें सांगतों, कारण या कथेंत त्याचें काम मोठें आहे. मातींत लोहाचीं संयुगें असतात. विटा, कौलें, भट्टी, चूल हीं तापून निवतात तेव्हां त्या संयुगांस पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा चिकटते व ती पुढें हजारों वर्षें टिकते. उलट चुनखडीच्या दगडाच्या भिंतीस चुंबकत्व जवळ जवळ नसतें, म्हणून भोंवतालच्या मातीच्या मानानें ती उणी दिसते. पृथ्वीचें चुंबकक्षेत्र ग्रीसमध्यें सुमारें ४६,००० गॅमा भरतें, ज्यास हल्लीं नॅनोटेस्ला म्हणतात. आणि पुरलेल्या भिंतीमुळें त्यांत पडणारा फरक बहुधा कांहीं गॅमांचा, फार तर कांहीं दशकांचा. एवढा सूक्ष्म फरक टिपण्यासाठीं प्रोटॉन यंत्रांत पाण्यासारख्या द्रवाची कुपी वेटोळ्यांत ठेवतात. विजेच्या प्रवाहानें द्रवांतील प्रोटॉन एका दिशेस वळवावयाचे व प्रवाह एकदम तोडावयाचा. मग ते भोंवऱ्याप्रमाणें डुलूं लागतात. वरील क्षेत्रांत त्यांचें डुलणें सेकंदास सुमारें २,००० वेळां होतें, आणि ही संख्या मोजली कीं क्षेत्राचें मान कळतें. इंग्लंडांत मार्टिन एटकिन यांनीं १९५८ सालीं या साधनानें रोमन काळच्या भट्ट्या शोधून दाखविल्या. तत्पूर्वीं १९४६ सालीं त्याच देशांत रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनीं जमिनींत खुंट्या रोवून विजेचा रोध मोजण्याची रीति वापरली होती. कोरडी भिंत विजेस अडविते, ओला खंदक तिला वाट देतो, एवढेंच तिचें सार. रेडिओलहरी जमिनींत सोडून त्यांचे पडसाद टिपण्याचीहि एक रीति आहे; परंतु ओल्या चिकणमातींत त्या लहरी लवकर जिरतात.

शेताचे चौकोन पाडावयाचे, यंत्र घेऊन एकेक पट्टा चालावयाचा, आणि प्रत्येक ठिकाणचा आंकडा नोंदून त्यांचा नकाशा करावयाचा, असें हें काम कंटाळवाणें आहे. चालणाऱ्याच्या खिशांत किल्ली किंवा चाकू असतां कामा नये. तारेचें कुंपण जवळ असलें तर नोंद बिघडते. सर्वांत मोठी अडचण खोलीची. लहान वस्तूचा परिणाम अंतराच्या घनाच्या प्रमाणांत उतरतो; म्हणजे खोली दुप्पट झाली तर परिणाम आठवा हिस्सा उरतो. तेव्हां यंत्रास प्रथम दिसतें तें वरचें व ठळक असेल तें. आपणांस हवें असेल तें नव्हे.

हेलिकेस नेमकें हेंच घडलें. १९९१ पासून मैदानांत अरुंद खोल छिद्रें पाडून मातीचे उभे नमुने काढण्यांत आले. त्यांत निरनिराळ्या खोलींवर खापऱ्या निघाल्या, तेव्हां खालीं वस्ती होती हें ठरलें. १९९४ सालीं पात्रास विद्यापीठाच्या साहाय्यानें क्लोनिस नांवाच्या शेतांत चुंबकत्वमापकानें पाहणी केली, तों नकाशावर एका मोठ्या इमारतीचा आराखडा उमटला. दुसऱ्या वर्षीं खणतां भिंतीहि उभ्या मिळाल्या. पण इमारत निघाली रोमन काळची, म्हणजे नगरीच्या नाशानंतर कित्येक शतकांनीं बांधलेली! यंत्रानें भिंत दाखविली, आणि ती तेथें होती. ती कोणाची, कोणत्या काळची, हें सांगणें त्याच्या अधिकाराबाहेरचें.

अखेर २००० व २००१ सालांत रिझोमिलोस गांवाजवळ सुमारें तीन मीटर खालीं, पाणी उपसून घातलेल्या चरांत, कोसळलेल्या भिंती व ग्रीक अभिजात काळचीं भांडीं हातीं लागलीं. त्यांवर पसरलेल्या काळ्या चिकणमातींत खाऱ्या व मचूळ पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचीं कवचें होतीं. ज्या सरोवराची कल्पना एका शब्दाच्या अर्थावरून केली होती, त्याचा गाळच पुढें आला. पॉसेनिअसच्या झिजलेल्या भिंतींचाहि उलगडा यानें होतो.

येथवर वाचून शब्दपंडितानें हर्षित होऊं नये. त्याच उत्खननांत, आणखी खालच्या थरांत, इ. स. पूर्व तिसऱ्या सहस्रकांतील ब्राँझयुगाच्या आरंभींचें एक नगर निघालें: वाटा, घरें, अखंड भांडीं यांसह. या नगराविषयीं स्ट्रॅबो, पॉसेनिअस किंवा दुसरा कोणताहि ग्रंथकार एक अक्षर सांगत नाहीं. केवळ ग्रंथ वाचीत बसलों असतों तर तें आपणांस कधींच कळलें नसतें. माझ्या तरुण मित्राच्या बाजूनें एवढें मान्य केलेंच पाहिजे.

हेलिकेची एक कन्या इटलींत होती, तिचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. अकेइयन लोकांनीं वसविलेली सिबारिस नगरी. तिचा संस्थापक हेलिकेचा होता असें स्ट्रॅबो लिहितो. इ. स. पूर्व ५१० मध्यें क्रोटोनच्या लोकांनीं तिचा पाडाव केला व तिच्यावरून नदी वळविली. हीहि नगरी अनेक मीटर गाळाखालीं गेली होती. १९६० नंतरच्या दशकांत मिलानची लेरिची संस्था व पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचें वस्तुसंग्रहालय यांनीं तेथें चुंबकत्वमापकें वापरलीं. प्रोटॉन यंत्र अपुरें पडूं लागलें तेव्हां त्याहून सूक्ष्मग्राही सीझियमचें यंत्र आणलें, आणि त्या दशकाच्या अखेरीस नगरीचें स्थान निश्चित झालें. तेथेंहि वर नंतरच्या थुरिऑय नगराचे अवशेष व खालीं सिबारिसचे, असा थरांवर थर आहेच. मातेचा व कन्येचा, दोघींचाहि शोध भूगर्भवेधी साधनांच्या साहाय्यानें लागावा, हा योग मौजेचा खरा.

हेलिकेचें मैदान हल्लीं शेतांनीं, घरांनीं व रस्त्यांनीं व्यापलेलें आहे. जागतिक स्मारक निधीनें २००४ व २००६ या दोन्ही सालांच्या धोक्यांतील स्थळांच्या यादींत त्याचा समावेश केला होता. पुरलेल्या नगराचा थोडाच भाग आजवर उघडा झाला आहे. जिच्यामुळें तरीवाल्यांस भय वाटे ती ब्राँझची मूर्ति अद्याप सांपडलेली नाहीं. ब्राँझ म्हणजे तांबें व कथील. या धातूंस चुंबकत्व नसल्यामुळें चुंबकत्वमापक तिच्या डोक्यावरून गेला तरी निमूट राहील. ती मूर्ति तेथें उभी होती याविषयीं आज तरी एरॅटॉस्थेनीसनें ऐकलेल्या त्या तरीवाल्यांच्या साक्षीवांचून दुसरा पुरावा नाहीं.