दक्षिण गंगोत्री : शत्रूवांचून निघालेली एक मोहीम

'मोहीम' हा शब्द बखरींच्या वाचकांस नित्य परिचयाचा आहे. मोहीम म्हटली कीं शत्रु, मुलूख व खंडणी हीं ओघानेंच आलीं. परंतु सैनिक व शास्त्रज्ञ यांनीं मिळून काढलेल्या ज्या मोहिमेचा विचार येथें करावयाचा आहे, तींत यांपैकीं कांहींच नव्हतें.

प्रथम तिचा कायदा पाहूं. 1959 सालच्या अंटार्क्टिक कराराच्या पहिल्याच कलमानें त्या खंडावर लष्करी तळ, तटबंदी, युद्धसराव व शस्त्रांच्या चाचण्या यांस मनाई केली. मात्र शास्त्रीय संशोधनासाठीं सैनिक व लष्करी साहित्य वापरण्याची मुभा ठेवली. या प्रकरणाचें मर्म त्या अपवादांत आहे. भारत या करारांत 1983 सालीं सामील झाला.

तत्पूर्वींच, 6 डिसेंबर 1981 रोजीं, डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालीं 21 जण गोव्याहून 'पोलर सर्कल' या जहाजानें निघाले व 9 जानेवारी 1982 रोजीं अंटार्क्टिकावर उतरले. 1983-84 च्या तिसऱ्या मोहिमेचे नायक डॉ. हर्ष गुप्ता. कोयनेच्या भूकंपांचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्रास ते ठाऊक आहेत. याच मोहिमेंत नागपुरांत जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत व भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेंतून त्या खंडावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया याच होत.

तेथील उन्हाळा अल्प. तेवढ्या अवधींत लष्करी तुकडीच्या साहाय्यानें 'दक्षिण गंगोत्री' हें स्थानक उभें राहिलें. सामान जहाजावरून बर्फावर नेणें, घरें सांधणें, यंत्रें चालू ठेवणें हें काम सैनिकांचें. हवामान, भूचुंबकत्व, खडक व सागर यांच्या नोंदी शास्त्रज्ञांच्या. एकाचें काम थांबलें तर दुसऱ्याचें व्यर्थ. 1984 चा हिवाळा लेफ्टनंट कर्नल सत्य स्वरूप शर्मा यांच्या हाताखालीं बारा जणांनीं तेथें काढला. त्या अक्षांशावर हिवाळ्यांत सुमारें दोन महिने सूर्य उगवत नाहीं.

परंतु स्थानक समुद्रावर पसरलेल्या हिमथरावर होतें. वर्षानुवर्षें पडणाऱ्या बर्फाखालीं तें गाडलें गेलें. 1989 सालीं शिरमाकरच्या उघड्या खडकावर 'मैत्री' उभें राहिलें आणि जुनें स्थानक सोडावें लागलें. पुढें 2008 सालीं उत्तर ध्रुवाकडे, स्वालबार्डमध्यें, 'हिमाद्री' हें संशोधनस्थान निघालें. ध्रुवांकडील बर्फाचा आपल्या पर्जन्याशीं काय संबंध, हा तेथील अभ्यासाचा एक विषय आहे. आमच्या सांगोल्यासारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यास तो दूरचा वाटूं नये.

वास्तु बर्फांत गेली. राहिलें तें कागदांवर. तेथें 1984 सालीं टपालकचेरी निघाली. तिच्या शिक्क्याचीं पत्रें, तसेंच मोहिमेंत गेलेल्यांच्या रोजनिशा व छायाचित्रें आज घरोघरच्या पेट्यांत असणें संभवनीय आहे. रुमालांतील मोडी कागद वाळवीच्या तोंडून सोडविणाऱ्या आमच्या संग्राहकांनीं हे चाळीस वर्षांचे कागद 'फार अलीकडचे' म्हणून दृष्टीआड करूं नयेत. जुनें होईपर्यंत थांबलें तर जुनें होण्यास कांहीं उरत नाहीं, हा आपला सर्वांचाच अनुभव आहे.