कामगाराचा हक्क आणि कॅथलिक विचार

बोर्डीपासून तलासरीपर्यंतच्या मुलखात मजुरीचा लढा म्हणजे लाल बावट्याचा आणि पाद्र्यांचे काम म्हणजे शाळा, दवाखाना व धर्मप्रसार, अशी सरसकट वाटणी केली जाते. ती वस्तुस्थितीला धरून नाही. संघटना करण्याचा कामगाराला हक्क आहे, आणि काटकसरी कामगाराचा निर्वाह होईल इतकी मजुरी ही निव्वळ कराराची नव्हे तर न्यायाची बाब आहे, असे पोप तेरावे लिओ यांनी 1891 सालीच ‘रेरूम नोव्हारुम’ या परिपत्रकात निःसंदिग्धपणे मांडले. त्याच परिपत्रकात समाजवादाचा निषेधही आहे. पण तेवढ्यावरून त्यास मालकधार्जिणे ठरविणे अन्यायाचे होय.

या बाबतीत चर्चमध्ये एकमत होते, हा समजही तितकाच चुकीचा. खरा वाद माजला तो कारखान्याच्या कारभारात कामगाराला वाटा असावा की नाही यावर. मजुरीच्या करारात शक्य तेथे भागीदारीचा अंश यावा, असे पोप अकरावे पायस यांनी 1931 मध्ये सुचविले होते; 1949 मध्ये बोखुम येथील जर्मन कॅथलिकांच्या अधिवेशनाने एक पाऊल पुढे टाकून सहनिर्णय हा कामगाराचा नैसर्गिक हक्क असल्याचे जाहीर केले, तेव्हा मालकीहक्काला बाध येईल या चिंतेने पोप बारावे पायस यांनी पुढच्याच वर्षी ते अमान्य केले. तरीही 1951 च्या जर्मन कायद्याने कोळसा व पोलाद उद्योगांच्या पर्यवेक्षक मंडळांत कामगारांना मालकांच्या बरोबरीने जागा दिल्या. माझ्या मते बोखुमचीच बाजू न्यायाची होती. ज्याच्या घामावर धंदा उभा राहतो, त्याला हिशेबाची वही पाहू न देणे कोणत्या धर्मात बसते?

हा प्रश्न परमुलखातील कारखान्यांपुरता नाही. 1945 च्या मे महिन्यात झरी येथे वारली आदिवासींनी वेठ नाकारली, पुढे गवतकापणीच्या दरासाठी संप केला, आणि 10 ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच जण बळी पडले. त्या उठावाचे श्रेय किसान सभेचे व तिचे नेतृत्व करणाऱ्या परुळेकर दांपत्याचे. त्यात कोणी वाटेकरी नाही. मात्र 1978 मध्ये डहाणूत उभी राहिलेली कष्टकरी संघटना चर्चची शाखा होती, हा आरोप निराधार आहे. तिचे एक संस्थापक प्रदीप प्रभू पूर्वाश्रमीचे ज्येसुइट धर्मगुरू खरे, पण संघटना स्वतंत्र होती.

व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे तत्त्व 1976 मध्ये अनुच्छेद 43क द्वारे आपल्या राज्यघटनेतही आले. परंतु ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याखातर कोर्टात दाद मागता येत नाही. आणि 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातील मालक-कामगारांच्या संयुक्त कार्यसमितीस किमान शंभर कामगारांची अट होती. जाळीच्या काठीने चिकू उतरविणाऱ्या बोर्डीच्या चार-दोन मजुरांनी ती कशी पुरी करावी?