झळाळीवर रंग चढविताना

अमेरिकेत ‘ट्रक’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दहाचाकी मालवाहू गाडी येत नाही, तर ‘पिकअप’ येते. पुढे बसण्याची बंदिस्त केबिन आणि मागे माल टाकण्यासाठी उघडा हौदा अशी रचना असलेली ही गाडी शेतकरी, सुतार आणि गवंडी यांच्या उपयोगासाठी निर्माण झाली व पुढे घरगुती वाहन म्हणूनही रुळली. तिच्या दोन दिव्यांच्या मध्ये, रेडिएटरकडे हवा जाऊ देणारी जी जाळी असते तिला ग्रिल म्हणतात, आणि गाडीला चेहरा देण्याचे काम मुख्यतः हीच जाळी करते. ती बहुधा क्रोमच्या मुलाम्याने चकाकणारी असते. परंतु ही चकाकी झाकून जाळीला गाडीच्या अंगाचाच रंग द्यावा, अशी इच्छा अनेक मालकांना होते. वरवर पाहता हे एका दुपारचे काम वाटते. प्रत्यक्षात ज्या पृष्ठभागाची घडणच आपल्यावर काहीही टिकू नये अशी असते, त्याच्यावर काहीतरी कायमचे टिकविण्याचा हा प्रयत्न असल्यामुळे, रंगकामातील सर्वांत चिवट प्रश्न येथे उभा राहतो.

क्रोमियम हा धातू फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला व्होकलँ यांनी १७९७ साली सैबेरियातील एका तांबड्या खनिजातून शोधून काढला, आणि त्याची संयुगे नाना रंगांची असल्याने त्याला ग्रीक भाषेतील ‘रंग’ या अर्थाच्या शब्दावरून नाव मिळाले. त्याच्यापासून बनणारे पिवळे रंगद्रव्य एकोणिसाव्या शतकात चित्रकारांच्या हाती आले. मुलामा म्हणून मात्र तो बराच उशिरा वापरात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींच्या शोभेच्या भागांवर निकेलचा मुलामा असे, आणि तो काही महिन्यांत मंद पडत असल्याने वारंवार पॉलिश करावा लागे. १९२०च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक आणि त्यांचे सहकारी यांच्या संशोधनाने क्रोमियमचे विद्युत्-विलेपन, म्हणजे विजेच्या साहाय्याने द्रावणातील धातू दुसऱ्या वस्तूवर बसविण्याची क्रिया, कारखान्यात भरवशाने करता येऊ लागली, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत क्रोमची झळाळी हे अमेरिकी मोटारीचे लक्षण ठरले.

तथापि रंगविलेली जाळी ही आजची टूम नव्हे. १९४७ साली शेव्हरोले कंपनीने बाजारात आणलेल्या पिकअपच्या साध्या आवृत्तीत आडव्या पट्ट्यांची जाळी रंगविलेलीच असे, कारण तो कामाचा ट्रक होता आणि चकाकीला जादा दाम पडत असे. त्यापूर्वी, दुसऱ्या महायुद्धासाठी धातू राखून ठेवावे लागल्यामुळे, १९४२च्या आरंभी तयार झालेल्या शेवटच्या मुलकी मोटारींवर क्रोमऐवजी रंग आला होता, आणि कोरियन युद्धाच्या काळात निकेलची चणचण भासल्यावर ट्रकांवरही तीच वेळ पुन्हा आली. पुढे समृद्धीच्या दशकांत हे नाते पालटले: स्वस्त आवृत्तीला काळी किंवा करडी प्लॅस्टिकची जाळी आणि महाग आवृत्तीला क्रोम, अशी श्रेणी रूढ झाली. १९९०च्या दशकात डॉज रॅमच्या ‘स्पोर्ट’ आवृत्तीने जाळी आणि बंपर दोन्ही अंगाच्या रंगाचे करून एक वेगळीच प्रतिष्ठा दाखविली, आणि आज जुन्या ट्रकचा मालक जेव्हा क्रोम झाकू पाहतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा असेच एखादे रूप असते.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या जाळ्या बहुतांशी धातूच्या असत, तर आजची जाळी प्रायः एबीएस या प्लॅस्टिकची असते, आणि प्लॅस्टिकमधून वीज वाहत नसल्याने तिच्यावर थेट विद्युत्-विलेपन होऊ शकत नाही. म्हणून कारखान्यात ती प्रथम क्रोमिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात बुडवितात. एबीएसमध्ये ब्युटाडाइन हा रबरासारखा घटक बारीक गोळ्यांच्या रूपाने विखुरलेला असतो, पृष्ठभागावरचे ते गोळे आम्लाने नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात. या खळग्यांत पॅलॅडियमचे कण बसवून, त्यांच्या आधाराने विजेशिवाय, निव्वळ रासायनिक क्रियेने निकेलचा किंवा तांब्याचा पातळ पापुद्रा धरविला जातो, आणि त्यानंतरच विजेच्या साहाय्याने तांबे, मग निकेलचे एकाहून अधिक थर आणि शेवटी क्रोमियम चढते. तांबे आणि निकेल मिळून काही डझन मायक्रॉन जाडी होते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. ज्याच्या नावाने ही सारी झळाळी ओळखली जाते ते क्रोमियम मात्र पाव ते अर्धा मायक्रॉन इतकेच असते. दिसणारी चमक बरीचशी खालच्या निकेलची असून, क्रोमियम तिला किंचित निळसर छटा देते व तिचे ओरखड्यांपासून आणि काळवंडण्यापासून रक्षण करते.

हे रक्षण करणारा गुणच रंगाचा वैरी ठरतो. हवेचा स्पर्श होताच क्रोमियमवर त्याच्याच ऑक्साइडचे अत्यंत पातळ, घट्ट आणि निष्क्रिय कवच तयार होते. निष्क्रिय म्हणजे सहसा कशाशीही रासायनिक संयोग न करणारे. त्यातच हा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असतो, आणि रंगाला तर रुतायला खाचखळगे तरी लागतात किंवा रासायनिक बंध जुळवायला जागा तरी लागते. कल्हईच्या कामाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे तत्त्व सहज कळेल. कल्हईवाला तांब्याचे भांडे तापवून कथील फिरविण्यापूर्वी नवसागर टाकून ते पुसून घेतो, कारण नवसागराने तांब्यावरचे ऑक्साइड निघून जाते व उघड्या धातूला कथील धरते. ते न केल्यास कथील गोळा होऊन नुसते घरंगळत राहील. क्रोमला असा सोपा नवसागर नाही. क्रोमवर थेट मारलेला रंग वाळतो, सुंदर दिसतो, आणि काही आठवड्यांनी एका कडेला नख लागताच सालपटासारखा निघून येतो.

त्यामुळे या कामात रंग मारण्याला लागणारा वेळ थोडा आणि तयारीला लागणारा वेळ फार, हे प्रमाण मुळातच स्वीकारावे लागते. जाळी गाडीवर असतानाच कागद चिकटवून रंगविण्याचा मोह टाळून, ती स्क्रू आणि क्लिपा सोडवून उतरवून घ्यावी. नव्या गाड्यांत तिच्यामागे कॅमेरा किंवा रडारचे संवेदक असू शकतात आणि त्यांच्या तारा आधी सोडवाव्या लागतात. रडारसमोरच्या झाकणावर तर रंग देऊच नये, कारण चमकदार रंगातील अॅल्युमिनियमचे कण रडारच्या लहरींना अडथळा करतात, आणि पुढच्या गाडीपासूनचे अंतर मोजणारी यंत्रणा त्यामुळे चुकू शकते. यानंतर साबणाच्या पाण्याने धुणे आणि मेण व ग्रीस काढणाऱ्या द्रवाने पुसणे या गोष्टी घासण्यापूर्वीच करायच्या असतात, अन्यथा पॉलिश पेपर तेच ग्रीस ओरखड्यांत दाबून बसवितो.

घासण्यासाठी ३२० ते ४०० क्रमांकाचा पेपर सामान्यतः वापरतात. क्रमांक जितका मोठा तितके पेपरवरील कण बारीक. हेतू क्रोम संपूर्ण काढून टाकण्याचा नसतो, तर चकाकी सर्वत्र मरून सारखा मंद, ओरखड्यांचा पृष्ठभाग मिळविण्याचा असतो, आणि जेथे एखादा ठिपका अजून चमकतो तेथूनच उद्या रंग सुटणार हे निश्चित समजावे. पट्ट्यांच्या आतल्या कडा, कोपरे आणि बोधचिन्हाभोवतीची खाच या जागी बोट पोचत नाही व हातून हयगय होते. पाण्याने ओले करून घासल्यास धातूची धूळ उडत नाही, हाही एक लाभ.

येथेच मुलाम्याची परीक्षाही होते. उन्हाने एबीएस जितके प्रसरण पावते त्याच्या कितीतरी कमी पटीने तांबे आणि निकेल पावतात, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने दोघांमधील पकड सैल होते. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ एखाद्या चिरेतून आत शिरले की मुलाम्याला फोड येतात. एखाद-दुसऱ्या जागी सुटलेला मुलामा कापून, कड घासून उतरती करून आणि खड्डा लांबीने भरून काम निभते. जाळी जागोजागी फुगली असेल तर मात्र कोणताही प्रायमर तिला वाचवू शकत नाही. प्रायमर क्रोमला घट्ट धरील, क्रोम प्लॅस्टिकला सोडील, आणि दोन्ही एकत्रच गळून पडतील.

प्रायमर म्हणजे मूळ पृष्ठभाग आणि रंग यांना जोडणारे अस्तर. त्यातील आम्लयुक्त प्रकार फॉस्फोरिक आम्लाच्या साहाय्याने उघड्या पोलादाला किंवा अॅल्युमिनियमला चांगला धरतो, पण क्रोमियमच्या कवचापुढे त्या आम्लाचे फारसे चालत नाही. म्हणून नीट घासलेल्या क्रोमवर राळ आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून वापरावयाचा इपॉक्सी प्रायमर अधिक विश्वसनीय मानला जातो. जाळीच्या मागच्या, न दिसणाऱ्या भागावर तो आधी लावून, वाळल्यावर पात्याने चौकटी आखून, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढून पाहणे ही साधी चाचणी अवश्य करावी. पट्टीबरोबर चौकटी निघाल्या नाहीत, तरच पुढे जाण्यात अर्थ आहे.

रंग जुळविणे हा स्वतंत्र विषय आहे. अमेरिकी गाड्यांत रंगाचा संकेतांक बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीवर छापलेला असतो. उदाहरणार्थ, फोर्डच्या ऑक्सफर्ड व्हाइट या पांढऱ्या रंगासाठी ‘वायझेड’ ही अक्षरे वापरतात. परंतु संकेतांक कारखान्यातून बाहेर पडलेल्या दिवसाचा रंग सांगतो, दहा वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या बॉनेटचा नव्हे. साध्या पांढऱ्या रंगात हा फरक खपून जातो; चंदेरी किंवा मोतिया रंगात खपत नाही, कारण त्यातील चपटे कण फवारा किती ओला आणि किती दाबाने मारला यानुसार वेगवेगळ्या कोनांत बसतात, आणि एकाच डब्यातला रंग दोन हातांनी मारला तर दोन छटांचा दिसतो. म्हणून जाणकार रंगारी आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर तीच कृती करून तो बॉनेटशेजारी, ट्यूबलाइटखाली नव्हे तर उन्हात, धरून पाहतो. लाल आणि पिवळे रंग बरेचसे पारदर्शक असल्याने त्यांच्याखाली प्रायमरची छटा कोणती आहे यावरही परिणाम अवलंबून राहतो. आधी रंगाचे दोन-तीन पातळ हात, मग क्लिअर कोट, म्हणजे उन्हापासून व ओरखड्यांपासून रंगाला जपणारा पारदर्शक थर, हा क्रम ठरलेला आहे; अरुंद पट्ट्यांवर ओघळ फार लवकर येतात, तेव्हा घाई करू नये आणि आतल्या कडा आधी फवाराव्यात.

या कामातील धोका कोणीही हलक्यात घेऊ नये. दोन भागांच्या क्लिअर कोटमधील हार्डनरमध्ये आयसोसायनेट ही रसायने असतात, आणि त्यांच्या वाफेने व फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्यापुढे निरुपयोगी असून योग्य श्वसनसंरक्षक साधन आणि हवेशीर जागा यांना पर्याय नाही. क्रोम आम्लाने किंवा उलट्या विद्युत्-प्रवाहाने घरी उतरविण्याचा विचार तर सोडूनच द्यावा, कारण त्यात घातक आम्लधूर निर्माण होतात आणि काही पद्धतींत षट्संयुजी क्रोमियम तयार होते. षट्संयुजी क्रोमियम हे या धातूचे कर्करोगकारक रूप असून मुलाम्याच्या पारंपरिक टाक्यांतही तेच असते. त्या टाक्यांजवळ राबणाऱ्या कामगारांनी आणि कारखान्यांशेजारच्या वस्त्यांनी या झळाळीची किंमत दीर्घकाळ मोजलेली आहे. २०२३ साली कॅलिफोर्नियाच्या हवा-नियामक मंडळाने शोभेच्या मुलाम्यासाठी षट्संयुजी क्रोमियमचा वापर या दशकाअखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम संमत केला, तो उशिरा आला असला तरी योग्यच होता.

ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांच्यासाठी चिकटविण्याचा विनाइल पापुद्रा किंवा नंतर सोलून काढता येणारे रबरी लेपन आहे. दोन्ही तात्पुरते, आणि गाडीच्या रंगाशी तंतोतंत जुळणे अवघड. अनेकदा सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे त्याच गाडीची साधी, मुलामा नसलेली जाळी विकत घेऊन ती रंगविणे, आणि मूळची क्रोमची जाळी कापडात गुंडाळून ठेवणे.

रंगविलेली जाळी दुसऱ्या दिवशी हाताला कोरडी लागते, पण क्लिअर कोट पूर्ण कठीण व्हायला काही आठवडे जातात आणि तोवर मेण-पॉलिश लावू नये. यानंतरही जाळी गाडीच्या अगदी पुढे असल्याने महामार्गावर उडणारे खडे प्रथम तिलाच लागतात, आणि प्रत्येक टवक्यातून खालचे क्रोम चांदीच्या टिकलीसारखे चमकू लागते. म्हणून काही रंगारी प्रायमरसुद्धा गाडीच्या रंगाच्या जवळचा निवडतात आणि उरलेला रंग एका लहान बाटलीत भरून, बारीक कुंचल्यासह, मालकाच्या हाती देतात.