बालीचा प्रवास : रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्या बेटावर विमानतळाबाहेर पडताच घटोत्कचाचे भव्य शिल्प दृष्टीस पडते, घराघरांच्या आवारात देवांची व पितरांची छोटी मंदिरे असतात, त्रिसंध्येच्या प्रार्थनेत गायत्रीचा उच्चार होतो आणि वर्षांची मोजदाद आपल्याप्रमाणेच शकाने केली जाते, त्या बालीविषयी मराठी प्रवाशाला जाण्यापूर्वीच आपुलकी वाटू लागावी हे स्वाभाविक आहे. परंतु बालीसंबंधी आपल्याकडे प्रचलित असलेले पुष्कळसे गैरसमज या आपुलकीतूनच उद्भवलेले आहेत, असे मला निश्चितपणे वाटते; कारण जो मुलूख सर्वस्वी परका भासतो त्याची माणूस निघण्यापूर्वी कसोशीने चौकशी करतो, आणि जो ओळखीचा भासतो त्याच्याविषयी काही विचारावे हेच त्याच्या मनात येत नाही.

प्रथम राज्यव्यवस्थेची गोष्ट. बाली हा स्वतंत्र देश नव्हे. तो इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकाचा एक प्रांत आहे, आणि प्रांत म्हणून त्याचे वेगळे अस्तित्व १९५८ सालापासूनचे आहे. देनपसार ही त्याची राजधानी, आणि तिच्याखेरीज आठ जिल्हे, ज्यांच्या सरहद्दी बहुतांशी जुन्या राजघराण्यांच्या अंमलाखालील मुलखांवरून आखलेल्या आहेत. संपूर्ण इंडोनेशियात हिंदूंचे प्रमाण शेकडा दोनहूनही कमी आहे; बालीत मात्र ते शेकडा पंच्याऐंशीहून अधिक आहे. बोरोबुदूरचा स्तूप व प्रंबननची मंदिरे जावा बेटावर आहेत, बालीत नव्हेत, आणि तेथे जावयाचे तर बहुधा पुन्हा विमानाचा प्रवास करावा लागतो. बालीच्या सहलीत ज्यांचा हमखास समावेश होतो ती गिली बेटे लोंबोकच्या किनाऱ्यालगतची, म्हणजे दुसऱ्याच प्रांतातील. नुसा पनिदा हे बेट मात्र बालीच्याच क्लुंगकुंग जिल्ह्यात मोडते.

बेट लहान आहे, सबब दोन दिवसांत सारे पाहून होईल, हाही असाच एक समज. पूर्व-पश्चिम सुमारे दीडशे किलोमीटर व दक्षिणोत्तर एकशे दहाच्या आसपास, हा विस्तार कागदावर अल्प दिसतो खरा. पण मध्ये ज्वालामुखींची रांग आडवी पसरलेली, रस्ते अरुंद व वळणांचे, रेल्वे मुळीच नाही, आणि दक्षिणेच्या वस्तीत वाहनांची दाटी इतकी की विमानतळापासून उबुद या गावापर्यंतच्या पस्तीस-चाळीस किलोमीटरांना दीड तास सहज लागतो. एकाच हॉटेलात मुक्काम ठेवून रोज बेटाचे एक टोक गाठण्याची तजवीज करणाऱ्यांची अर्धी सुटी मोटारीतच जाते. दक्षिणेत एक व उबुदच्या किंवा उत्तरेच्या बाजूस एक, असे दोन मुक्काम करावेत.

ऋतूंविषयीचा गैरसमज अधिक नुकसान करणारा आहे, कारण त्यावर पैशांचा व्यवहार अवलंबून असतो. आपल्याकडे आषाढ-श्रावणात पाऊस, म्हणून तेथेही तो असणार, आणि आपल्याकडे नाताळात हवा प्रसन्न, म्हणून तेथेही ती प्रसन्न असणार, असे गृहीत धरून तिकिटे काढली जातात. वस्तुतः बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेस आठ अंशांवर आहे. आपल्या पावसाळ्यात तेथे ऑस्ट्रेलियाकडून आग्नेयेचे कोरडे वारे वाहतात, आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात वायव्येकडून येणारे वारे समुद्रावरील बाष्प घेऊन येतात. अर्थात जून ते सप्टेंबर हा तेथील उघडिपीचा काळ आणि डिसेंबर-जानेवारी हा ऐन पावसाचा. त्या पावसाळी वाऱ्यांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर, कुता व सेमिन्याकच्या पुळणीवर, प्लास्टिकचा कचराही ढिगांनी येऊन पडतो, आणि छायाचित्रे पाहून गेलेल्या मधुचंद्राच्या जोडप्यांची घोर निराशा होते. जुलै-ऑगस्टमध्ये परदेशी प्रवाशांची गर्दी उसळते; म्हणून मे, जून व सप्टेंबर हे महिने मी सर्वांत सोयीचे समजतो.

आता धर्माविषयी, कारण सर्वांत खोल गैरसमज येथेच आहे. बालीचा हिंदुधर्म म्हणजे आपल्याच धर्माची दूर राहिलेली शाखा, असे आपण मानतो, आणि तेथील आचार आपल्या आचारांशी ताडून जे जुळत नाही त्यास भ्रष्ट समजतो. इतिहास असा की भारतीय व्यापाऱ्यांची मातीची भांडी उत्तर बालीतील संबिरानच्या उत्खननात सापडली असून ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. सानूरजवळील ब्लांजोंगच्या शिलास्तंभावर शके ८३५ म्हणजे इ. स. ९१४ चा लेख असून त्यात नागरी वळणाच्या लिपीचाही उपयोग केलेला आहे. परंतु बालीच्या आजच्या धर्माची घडण मुख्यतः जावामार्गे झाली. चौदाव्या शतकात मजपहित साम्राज्याने बाली जिंकल्यानंतर जावातील सरदार, पुरोहित व ग्रंथ तेथे आले, आणि शैव व बौद्ध मते आणि बेटावरील पितृपूजा यांचा असा संगम झाला की त्यातील धागे आता वेगळे करता येत नाहीत. एवढेच नव्हे, तर स्वातंत्र्योत्तर इंडोनेशियात आपला धर्म हा मान्य धर्मांपैकी एक आहे हे बालीच्या लोकांना सरकारदरबारी झगडून सिद्ध करावे लागले. १९५९ साली त्यासाठी धर्मपरिषद स्थापन झाली, आणि 'सांग ह्यांग विधि' या एका परमेश्वराची उपासना हे त्या धर्माचे अधिकृत तत्त्व ठरले. ज्यांनी एवढ्या खटपटीने आपला धर्म राखला, त्यांना तो आपण शिकवू जाणे हे अनुचित होय.

या फरकाचा प्रत्यय मंदिरात पदोपदी येतो. 'देव कोठे दिसला नाही' ही आपल्या यात्रेकरूंची नेहमीची तक्रार; पण बालीच्या मंदिरात गाभारा व मूर्तीचे नित्यदर्शन ही कल्पनाच नाही. उघडी आवारे, विषम संख्येच्या छपरांचे उंच मेरू, आणि पद्मासन नावाचे रिकामे सिंहासन. देवांना त्यावर उत्सवाच्या दिवसांत पाचारण केले जाते, आणि असा वर्धापनोत्सव बहुतेक मंदिरांत २१० दिवसांच्या चक्राप्रमाणे येतो. आतील आवार उपासकांसाठी राखून ठेवलेले असते. कमरेला वस्त्र व त्यावर शेला बांधल्याखेरीज प्रवेश नाही. रजस्वला स्त्रियांना मनाई असल्याच्या पाट्या दारावर असतात, आणि ज्याच्या घरी नुकताच मृत्यू घडला आहे त्यानेही, आपल्या सुतकाप्रमाणेच, आत जावयाचे नसते. पुजाऱ्याच्या मस्तकाहून उंच जागी उभे राहणे हा अनादर समजला जातो. प्रार्थनेस बसण्याची अनुज्ञा मिळालीच, तर शेवटी तीर्थ शिंपडले जाते आणि भिजविलेले तांदूळ कपाळाला लावले जातात.

रस्त्यावर, दुकानांच्या उंबऱ्यावर, मोटारीच्या दर्शनी भागावरही ठेवलेले नैवेद्याचे लहान द्रोण पुष्कळांना केवळ शोभेची वस्तू वाटतात. असा एक द्रोण जवळून पाहावा: नारळाच्या कोवळ्या पातीचा चौकोनी, तळहातात मावेल एवढा, तळाशी पान, सुपारी व चुना यांचा इवलासा विडा, त्यावर पूर्वेला पांढरी, दक्षिणेला तांबडी, पश्चिमेला पिवळी व उत्तरेला निळी अथवा हिरवी फुले, कारण प्रत्येक दिशेचा देव व वर्ण ठरलेला आहे, वर क्वचित एखादे बिस्किट वा खडीसाखरेसारखा गोड पदार्थ, आणि शेजारी जळती उदबत्ती. हे घरातील स्त्रिया रोज पहाटेपासून रचीत असतात. ते ओलांडू नये आणि पायाने बाजूला सारू तर मुळीच नये.

नववर्षाच्या बाबतीत मराठी माणसाची दिशाभूल होण्याचा संभव सर्वांत अधिक. बालीचा 'न्यपी' हा शकवर्षाचा पहिला दिवस. २०२३ साली तो व आपला गुढीपाडवा २२ मार्च या एकाच तारखेस आले, आणि दोहोंकडे शके १९४५ सुरू झाला. परंतु अधिक मास धरण्याची रीत निराळी असल्यामुळे पुढच्याच वर्षी न्यपी ११ मार्चला आणि पाडवा ९ एप्रिलला पडला. म्हणून आपले पंचांग पाहून बालीचा बेत आखू नये. आणि सणाचे स्वरूप तर पाडव्याच्या अगदी उलट आहे. आदल्या सायंकाळी बांबू व कागदाच्या अक्राळविक्राळ राक्षसमूर्ती मिरवून गलबला केला जातो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून चोवीस तास अग्नी, काम, प्रवास व करमणूक ही चारही वर्ज्य. विमानतळ बंद, रस्ते निर्मनुष्य, दिवे मालविलेले. २०१८ पासून मोबाइलचे इंटरनेटही बंद ठेवण्यात येते. पेचलांग नावाचे गावरक्षक फिरतीवर असतात, आणि हा बंदोबस्त परदेशी पाहुण्यांनाही लागू आहे. आजारपणाची निकड सोडली तर हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. या दिवशी सहल फुकट गेली असे म्हणणारे प्रवासी असतात. माझ्या मते ज्याला बाली समजून घ्यावयाची आहे त्याने हा दिवस मुद्दाम साधावा.

शाकाहाराविषयी दोन शब्द पुरेत. हिंदू बेट म्हणून तेथे शाकाहार सर्वत्र मिळेल ही अपेक्षा फोल आहे. भाजलेले अखंड डुकराचे मांस हे तेथील उत्सवाचे पक्वान्न, आणि बळीच्या विधींनाही शास्त्राधार मानलेला. टेंपे व तोफू हे सोयाबीनचे पदार्थ मुबलक असतात, पण चटणीत बहुधा सुकविलेल्या कोळंबीची 'तरासी' असते, आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या लेखी ती मांसात जमा नसते. 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही. तरासी, मासे व अंडी ही नावे घेऊन नको म्हणावे. उबुदमध्ये शुद्ध शाकाहारी भोजनगृहे पुष्कळ आहेत.

छायाचित्रांनी पसरविलेल्या भ्रमांत लंपुयांगच्या मंदिराचा पहिला क्रमांक लागेल. दुभंगलेल्या वेशीच्या मधोमध प्रवासी उभा, मागे आगुंग पर्वत, आणि पायाशी तळ्याच्या निश्चल पाण्यात दोहोंचे प्रतिबिंब. हे चित्र पाहून लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात. तेथे तळे नाही. फरसबंदीच्या अंगणात बसलेला छायाचित्रकार मोबाइलच्या भिंगाखाली आरशाचा तुकडा धरतो, आणि ते पाणी त्या आरशातले असते. रांगेतील बहुसंख्य लोक तेथूनच परततात. प्रमुख मंदिर तर सुमारे सतराशे पायऱ्या चढून वर, अरण्यात आहे. आगुंगची उंची तीन हजार मीटरांहून अधिक असून तो जागृत ज्वालामुखी आहे. १९६३ च्या उद्रेकात हजाराहून अधिक माणसे दगावली, आणि २०१७ मध्ये राखेमुळे विमानतळ काही दिवस बंद ठेवावा लागला, हे प्रवासाचा विमा उतरविताना ध्यानात ठेवावे. त्याचप्रमाणे उलुवातूच्या कड्यावर सायंकाळी होणारे 'केचक' नृत्य पुरातन समजले जाते. त्यातील पुरुषांचा घोष जुन्या विधींतला खरा, पण रामकथेशी सांगड घातलेले आजचे रूप १९३० च्या दशकात वायान लिंबाक हा नर्तक आणि वाल्टर स्पीस हा जर्मन चित्रकार यांच्या सहकार्यातून घडले. त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही. परंपरा चालती असल्याचेच ते लक्षण आहे.

भाताची खाचरे हाही केवळ देखावा नव्हे. डोंगरउतारावरील पाणी कोणाला, केव्हा व किती मिळावे हे शेतकऱ्यांच्या 'सुबक' नावाच्या पाणीमंडळ्या ठरवितात, आणि त्यांच्या पाळ्यांचा मेळ जलमंदिरांतून घातला जातो. १९७० च्या दशकात सरकारी धोरणाने ही पाळी मोडून सुधारित वाणांची लागोपाठ पिके घ्यावयास लावले, तेव्हा तुडतुड्यांनी शेते फस्त केली. स्टीफन लान्सिंग या मानववंशशास्त्रज्ञाने पुढे दाखवून दिले की एकाच वेळी शेते पडीक ठेवण्याच्या जुन्या वहिवाटीमुळेच किडीला आळा बसत होता. २०१२ साली युनेस्कोने या व्यवस्थेस जागतिक वारशात स्थान दिले. जातिलुविह येथील खाचरांचा विस्तार पाहण्यास एक पूर्ण सकाळ द्यावी. बांधावरून चालावे, बांध मात्र ढासळू देऊ नये, कारण तो फुटला की खाचरातले पाणी वाहून जाते.

शेवटी व्यवहाराच्या बाबी. भारतीयांस पूर्वी काही वर्षे मिळत असलेली मोफत प्रवेशाची सवलत आता नाही. पाच लाख रुपिया भरून तीस दिवसांचा परवाना मिळतो, तो एकदा तेवढ्याच मुदतीने वाढविता येतो, आणि फेब्रुवारी २०२४ पासून प्रांताचा दीड लाख रुपियांचा पर्यटनकर निराळा द्यावा लागतो. लाखांचे हे आकडे ऐकून दचकू नये, आणि हुरळूनही जाऊ नये, कारण एक लाख रुपिया म्हणजे आपले पाचशेच्या आसपास रुपये. पण शून्यांच्या या गोंधळाचाच फायदा घेऊन आकर्षक दराची पाटी लावणारे रस्त्यावरचे सराफ नोटा मोजताना हातचलाखी करतात, म्हणून पैसे अधिकृत पेढीवरच बदलावेत. स्कूटर भाड्याने घ्यावयाची तर दुचाकीचा आंतरराष्ट्रीय परवाना जवळ हवा. तो नसता अपघात झाल्यास विम्याची रक्कम बहुधा नाकारली जाते. दक्षिण किनाऱ्यावर ओढ जबर आहे. लाल बावटा दिसला की पाण्यात उतरू नये. आणि मंदिरांतील वानरे हनुमंताची म्हणून त्यांना हाताने भरवू नये: २००८ पासून बालीत पिसाळीचा रोग पसरलेला आहे, त्यामुळे कुत्र्याचा वा वानराचा दात अथवा नख लागलेच, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात लस टोचून घ्यावी, परतीच्या तिकिटाची वाट पाहू नये.