पुसलेले जाते कुठे?

तमाशातल्या कलावंतिणींच्या मुलाखती ज्या संगणकात साठवल्या, तो मी यंदा विकायला काढला. ‘हे छापू नका’ असे बजावून सांगितलेलेही त्यात होते. सगळे डिलीट केले, म्हणून मी निर्धास्त होतो.

पण डिलीट करणे म्हणजे ग्रंथालयातले तालिकापत्र फाडणे. पुस्तक कपाटातच राहते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ते वाचता येते. झटपट फॉरमॅटही याहून फारसे काही करत नाही. अमेरिकेत एमआयटीच्या सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलत यांनी १५८ जुन्या हार्डडिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ चालू निघाल्या, आणि नीट पुसलेल्या अवघ्या १२! २००३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाकीच्या डिस्कांत लोकांची पत्रे होती, क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक होते.

फिरत्या तबकडीची डिस्क असेल तर तिच्यावर एकदा सर्वत्र शून्ये लिहिली की बहुधा भागते. एसएसडी मात्र झीज सारखी वाटली जावी म्हणून नवा मजकूर भलत्याच जागी लिहिते, जुना आत राहू शकतो. तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली पुसण्याची सोय वापरावी. पहिल्या दिवसापासून मजकूर सांकेतिक कुलपात ठेवला असेल, तर किल्ली नष्ट केली तरी पुरते. मी ठेवला नव्हता.

शेवटी डिस्क काढून घेतली. दुकानदाराने तेवढे पैसे कापले.