किलवर कुणाचं?

मिरजगावात पारावर मेंढीकोट रंगात आला की ‘अरे, किलवर टाक ना!’ अशी हाक ऐकू येतेच. हा शब्द आला कुठून म्हणाल, तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: इंग्रजांकडून.

पण साहेब या रंगाला ‘क्लब’ म्हणतो, म्हणजे सोटा. पत्त्यावर सोटा नाही, तीन पानं आहेत. इंग्रजांनी चित्र फ्रेंचांचं घेतलं आणि नाव स्पॅनिश पत्त्यांचं ठेवलं, त्यातून हा घोळ. पोर्तुगिजांचं नावही सोट्याचंच. फ्रेंच म्हणतात ‘त्रेफ्ल’. राहिले डच, जुन्या मराठी कागदांतले वलंदेज. त्यांचा शब्द ‘क्लाव्हर’. ‘ग्लास’चा गिलास करणाऱ्या जिभेने त्याचं किलवर केलं.

‘क्लोव्हर तर इंग्रजीतही आहे,’ असं कुणी म्हणेल. आहे, पण चाऱ्याचं नाव म्हणून, पत्त्याचं नव्हे. क्लोव्हर आणि क्लाव्हर सख्ख्या बहिणी, एकाच जुन्या जर्मानिक शब्दाच्या लेकी. जर्मन ‘क्ले’ही त्याच घरातला. गंमत म्हणजे गाईम्हशींना घालतात ते बरसीम याच कुळातलं. पेंढीतली एक काडी काढून बघा, एका देठाला तीन पानं दिसतील.

वलंदेज आपल्याकडे आलेच नाहीत, हा दुसरा गैरसमज. 1637 मध्ये आदिलशाही मुलखात, वेंगुर्ल्याला त्यांनी वखार घातली; तिची पडकी वास्तू अजून आहे. कोची तर 1663 ते 1795 त्यांच्याच हाती होतं. मलयाळम, तमिळ, तेलुगूतही याच शब्दाची रूपं खेळतात, ती उगाच नाही. आज्ञापत्रातल्या टोपीकरांतही वलंदेज आहेतच.

म्हणून सगळा कॅट डचांच्या नावावर चढवू नये. इस्पिकला ते ‘स्खोपन’ म्हणतात, म्हणजे फावडी; दोन्हींचा मेळ बसत नाही. बदाम फारसीतला आणि चौकट आपली.

पत्तेच मुळी गोऱ्यांनी आणले, हेही खरं नाही. 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबराने आत्मचरित्रात केली आहे. गोऱ्यांकडून आला तो चार रंगांचा, बावन्न पानांचा कॅट. वेंगुर्ल्याजवळच्या सावंतवाडीत दशावतारी गंजिफा आजही हाताने रंगवतात: गोल पानं, दहा रंग, एकूण 120.