बारा मावळं, ४७,९०,०१,६०० क्रम

आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. ही तीन नावं सहा क्रमांनी घेता येतात. पुण्याखालची बाराही मावळं घ्यायची म्हटली, तर एकपासून बारापर्यंतच्या आकड्यांचा गुणाकार, म्हणजे ४७,९०,०१,६०० क्रमांनी. सेकंदाला एक क्रम, मध्ये झोप नाही की जेवण नाही, तरी पंधरा वर्षं लागतील. हिशेब जुनाच आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त शंभूच्या दहा हातांतली दहा आयुधं किती प्रकारे बदलतील असं विचारलंय, आणि उत्तर दिलंय ३६,२८,८००.

अक्षरांच्या जागा बदलणारी गुप्तलिपी याच गुणाकारावर उभी आहे. ‘रात्री लोहगडावर या’ हा निरोप असा मांडा:

रा त्री लो
ह ग डा
व र या

आता उभे रकाने वाचा. आधी तिसरा, मग पहिला, मग दुसरा. लोडायाराहवत्रीगर! अक्षर एकही बदललं नाही, अर्थ मात्र गायब. रकान्यांचा क्रम हीच किल्ली. तीन रकान्यांना सहाच किल्ल्या, म्हणजे पोरखेळ. अठरा रकान्यांना मात्र ६,४०,२३,७३,७०,५७,२८,०००. सेकंदाला एक तपासली तर वीस कोटी वर्षं. कार्ल्या-भाज्याची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत, त्याचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. तेव्हा कोणी तपासायला बसलं असतं, तर आज जेमतेम तिसरा हिस्सा उरकला असता.

तरीही ही लिपी फुटते, आणि मला खरी गंमत इथेच वाटते. फोडणारा किल्ल्या मोजत बसतच नाही. तो फक्त दोन रकाने शेजारी ठेवून बघतो. पहिल्याशेजारी तिसरा ठेवला तर ‘रालो’, ‘हडा’ असलं काहीबाही. दुसरा ठेवला की ‘रात्री’ आणि ‘वर’ एकदमच समोर येतात. अठरा रकान्यांत अशा जोड्या अवघ्या ३०६.

म्हणून दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे हेर जागा दोनदा बदलत: एका किल्लीने विस्कटलेला मजकूर दुसरीने पुन्हा विस्कटायचा. मग शेजारी ठेवून काही दिसत नाही. क्लाउस श्मे या जर्मन अभ्यासकांनी २००७ मध्ये असंच एक कोडं घातलं, प्रत्येकी २० ते २५ अक्षरांच्या दोन किल्ल्यांचं. नुसत्या वीस रकान्यांच्या किल्ल्यांची संख्याच एकोणीस अंकी! २०१३ मध्ये इस्रायलच्या जॉर्ज लॅझ्री यांनी ते संगणकावर सोडवलं. त्या संगणकानेही सगळ्या किल्ल्या तपासल्या नाहीत. हाती असलेल्या किल्लीत थोडा फेरफार करायचा, मजकूर भाषेच्या जवळ सरकला तर तो ठेवायचा, नाहीतर सोडून द्यायचा, एवढंच तो करत राहिला.